एल्मिना बघायचंय? मग किल्ल्यात सगळ्यात शेवटी जा

घानात नोकरीला असलेले आपले लोक एकदा तरी किनाऱ्यावरच्या केप कोस्ट आणि एल्मिना या गावांना जातातच, आणि बहुतेकांचा प्लॅन ठरलेला असतो, पहाटे राजधानी अक्राहून गाडी काढायची, आधी केप कोस्टचा किल्ला, मग एल्मिनाचा किल्ला, बाहेर नारळपाणी, थोडे फोटो आणि रात्री परत. मीही पहिल्यांदा असंच केलं. नंतर अक्राजवळच्या टेमाला राहत होतो त्या तीन वर्षांत सात-आठ वेळा गेले आणि दुसऱ्याच खेपेला लक्षात आलं की आपण गाव बघितलंच नव्हतं. किल्ला १४८२ चा आहे, गाव त्याच्या आधीचं आहे, आणि तिथले लोक त्याला एल्मिना म्हणतही नाहीत, ते म्हणतात एदिना. एल्मिना हे नाव पोर्तुगीजांच्या 'मिना' म्हणजे खाण या शब्दावरून पडलं, कारण या किनाऱ्यावर आतल्या भागातून इतकं सोनं विकायला यायचं की त्यांना वाटलं इथे खाणच आहे. म्हणून कोणी जाणार असेल तर मी हेच सांगते की क्रम उलटा करा, आधी माणसं, मग गाव, मग टेकडी, आणि किल्ला अगदी शेवटी.

जायचं कसं ते पटकन सांगते. अक्रापासून साधारण १५०-१६० किलोमीटर पश्चिमेला, केप कोस्टच्या पुढे १२-१३ किलोमीटर. स्वतःची गाडी नसेल तर अक्रात कानेशी स्टेशनवरून केप कोस्टकडे जाणाऱ्या गाड्या मिळतात, ट्रोट्रो म्हणजे आपल्या वडापसारखा प्रकार, भरल्याशिवाय निघत नाही. वाटेत कासोआला ट्रॅफिक भयंकर असतो म्हणून पहाटेच निघा. आणि शक्यतो एक रात्र मुक्काम करा, एका दिवसात हे गाव होत नाही. भारतातून थेट येणार असाल तर यलो फीव्हरची लस आणि तिचं पिवळं कार्ड लागतंच, परत भारतात उतरतानाही मागतात, ते घरी विसरू नका. मलेरियाच्या गोळ्यांचं डॉक्टरांना विचारून ठेवा.

पोचलात की पहिल्यांदा पुलावर जाऊन उभं राहा. बेन्या नावाची खाडी आहे, तिथले लोक तिला लगून म्हणतात, ती गावातून येऊन किल्ल्याला वळसा घालून समुद्राला मिळते आणि तिच्यावर हा पूल आहे. सकाळी होड्या परत येतात तेव्हा हे बघाच. एका मोठ्या झाडाच्या खोडातून कोरलेल्या लांबलचक होड्या, वरून फळ्या लावून बाजू उंच केलेली, अंगावर भडक रंग, बायबलमधली वाक्यं, झेंडेच झेंडे, आणि त्या पुलाखालून एकमेकींना घासत आत येतात. काठावर बायका ॲल्युमिनियमची घमेली घेऊन तयार असतात. मासे पकडायचे पुरुषांनी, पण होडी काठाला लागली की पुढचा सगळा व्यवहार बायकांचा, भाव ठरवणं, विकणं, धूर देऊन सुकवणं, आतल्या बाजारांत पाठवणं, सगळं. त्यांची एक प्रमुख असते, तिला कोंकोहेमा म्हणतात, म्हणजे मासळीबाजाराची राणीच, आणि भावावरून भांडण झालं की तिचा शब्द चालतो. आपल्या कोळीवाड्यात वाढलेल्या माणसाला हे काही परकं वाटणार नाही, माझ्याबरोबर एकदा वर्सोव्याची मैत्रीण होती, ती तर दहा मिनिटांत घमेल्यात हात घालून मासा दाबून बघायला लागली आणि त्या बायकांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

फक्त मंगळवारी जाऊ नका, म्हणजे होड्या बघायच्या असतील तर. मंगळवारी समुद्रात जायचं नाही असा या किनाऱ्यावर दंडक आहे, तो दिवस समुद्राचा. त्या दिवशी सगळ्या होड्या काठाला बांधलेल्या असतात आणि लोक जाळी विणत बसतात, अर्थात निवांत गप्पा मारायच्या असतील तर तोच दिवस बरा.

गप्पांची सुरुवात कशी करायची? नावावरून. हे मला खूप उशिरा कळलं म्हणून तुम्हाला आधीच सांगून ठेवते. इथले लोक फांती बोलतात, ती अकान भाषांपैकी एक, आणि अकान लोकांत मूल ज्या वारी जन्मतं त्या वाराचं नाव त्याला मिळतंच. फांतीत रविवारचा मुलगा क्वेसी, मुलगी एसी. सोमवारचा कोजो आणि अजोआ, मंगळवारचा कोबिना आणि अराबा, बुधवारचा क्वेकू आणि एकुआ, गुरुवारचा याव किंवा एकोव आणि मुलगी आबा, शुक्रवारचा कोफी आणि एफुआ, शनिवारचा क्वामेना आणि आमा. युनोचे कोफी अन्नान शुक्रवारचे आणि घानाचे पहिले राष्ट्राध्यक्ष क्वामे एन्क्रुमा शनिवारचे, क्वामेना आणि क्वामे एकच. जायच्या आधी स्वतःचा जन्मवार कॅलेंडरवर काढून ठेवा. माझा मंगळवार, त्यामुळे पुलाजवळच्या एका म्हाताऱ्या बाईने मला लगेच अराबा करून टाकलं आणि पुढच्या खेपेला ती मला त्याच नावाने हाक मारून थांबवत होती. सकाळी भेटलात तर 'माच्ये' म्हणा, दुपारी 'माहा', आभार मानायचे तर 'मेदासे'. आणि काही द्यायचं-घ्यायचं ते उजव्या हाताने, डावा हात पुढे केला तर तो अपमान समजतात, हे आपल्याला वेगळं शिकवायला नको. फोटो मात्र विचारल्याशिवाय काढू नका, कोळ्यांना ते अजिबात आवडत नाही.

ही वारांची नावं कळली की इतिहास वेगळाच दिसायला लागतो, खरंच. पोर्तुगीजांच्या जुन्या वृत्तांतांत इथल्या राजाचं नाव 'कारामान्सा' असं येतं आणि वर्षानुवर्षं तसंच छापत आले, पण नीट ऐकलं तर ते क्वामेना अन्सा आहे, म्हणजे शनिवारी जन्मलेला अन्सा. जानेवारी १४८२ मध्ये दियोगु द आझाम्बुजा नावाचा पोर्तुगीज कप्तान जहाजं घेऊन आला, बरोबर सैनिक, गवंडी, सुतार, आणि पोर्तुगालमध्येच घडवून आणलेले दगड. त्याने क्वामेना अन्साकडे किल्ला बांधायची परवानगी मागितली. अन्साचं उत्तर पोर्तुगीजांनीच लिहून ठेवलंय, त्याचा भावार्थ असा की मित्र अधूनमधून भेटतात तेव्हा प्रेम टिकतं, शेजारी येऊन राहिले की कुरबुरी होतात, समुद्र आणि खडक शेजारी असले की आपटाआपटी होतेच, तेव्हा पूर्वीसारखे येत-जात राहा. हे म्हणणारा माणूस समोरच्याला नीट ओळखून होता. शेवटी परवानगी मिळवली त्यांनी, पण लोक ज्या खडकाला देव मानत होते तोच फोडायला घेतला म्हणून मारामारी झाली, मग जास्तीच्या भेटवस्तू देऊन प्रकरण मिटवावं लागलं. त्या ताफ्यात बार्तोलोमेउ दियास होता असं म्हणतात, तोच जो १४८८ मध्ये आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घालून गेला. त्यानंतर दहा वर्षांनी वास्को द गामा कालिकतला आणि १५१० मध्ये अल्बुकर्क गोव्यात. एल्मिनाच्या सोन्याने पोर्तुगालच्या राजाची तिजोरी भरली नसती तर या मोहिमांना पैसा कुठून आला असता, म्हणून मला हे गाव आपल्या इतिहासापासून तोडता येत नाही.

आता पुलावरून गावात शिरा आणि पोसुबान शोधा. कोणालाही विचारा, दाखवतील. आसाफो नावाच्या जुन्या लढवय्या टोळ्या होत्या, 'सा' म्हणजे युद्ध आणि 'फो' म्हणजे माणसं, प्रत्येक वस्तीची आपली, नंबर असलेली, आपला झेंडा, आपली गाणी. एल्मिनात अशा दहा आहेत. आता लढाया नाहीत, पण सण, मयत, बचावकार्य, राजाची निवड या सगळ्यात त्यांचा हात असतो. त्यांची देवळं म्हणा, स्मारकं म्हणा, ती पोसुबान. सिमेंटची, रंगवलेली, घराच्या रांगेत मधेच उभी, कुणावर जहाज, कुणावर माणसाएवढे पुतळे, तोफा, एके ठिकाणी चक्क आदम आणि हव्वा. पर्यटकांना ती विचित्र वाटतात, कारण अर्थ माहीत नसतो. प्रत्येक आकृतीमागे म्हण असते किंवा दुसऱ्या टोळीला मारलेला टोमणा असतो. म्हणून नुसता फोटो काढून पुढे जाऊ नका, तिथे बसलेल्या वयस्कर माणसाला विचारा की हे जहाज काय सांगतंय. थोडे पैसे किंवा देवाला ओतायला श्नॅप्स नावाच्या दारूची बाटली मागतील, तो तिथला रिवाज आहे, घासाघीस करू नका, किती द्यायचे ते आधीच विचारून घ्या म्हणजे झालं.

इथे अजून एक विचारायचं ते म्हणजे तुम्ही कुणाचे, आईचे की बापाचे. अकान लोकांत घराणं आईकडून चालतं, मामाचा वारस भाचा. पण आसाफोत मुलगा बापाच्या टोळीत जातो, आणि एल्मिनाची गादीही बापाकडून मुलाकडे जाते, आजूबाजूच्या फांती राज्यांपेक्षा हे वेगळं आहे. खरं तर एल्मिनाचे लोक स्वतःला बाकी फांतींपेक्षा वेगळे समजत आले. भाषा तीच, पण राजकारणात त्यांची दोस्ती आतल्या बलाढ्य आशान्ती राज्याशी आणि शेजारच्या फांतींशी वैर. पुढे हेच त्यांना भोवलं.

दुपारी ऊन कमी झालं की सेंट यागोच्या टेकडीवर चढा. वर कोएनराड्सबर्ग नावाचा छोटा डच किल्ला आहे, पण तो बघायला नाही, खाली बघायला जायचं. एका बाजूला समुद्र, पांढरा मोठा किल्ला, मधे खाडी, मागे मिठागरं, सगळं एका नजरेत. आणि इथे उभं राहिलं की १६३७ मध्ये काय झालं ते कुणी न सांगता कळतं. डचांनी त्याआधी १६२५ मध्ये हल्ला केला होता तेव्हा पोर्तुगीज आणि एल्मिनाच्या लोकांनी मिळून त्यांची कत्तल उडवली, मग १६३७ ला ते शहाणे होऊन आले, तोफा या टेकडीवर ओढत आणल्या आणि वरून किल्ल्यावर मारा केला, काही दिवसांत पोर्तुगीज शरण. लगेच त्यांनी टेकडीवर स्वतःची तटबंदी केली, म्हणजे हीच युक्ती दुसऱ्या कोणी आपल्यावर करू नये. त्यानंतर २३५ वर्षं डच.

खाली लिव्हरपूल स्ट्रीटने चाला. जुनी दगडी, दुमजली घरं दिसतील, काही पडझड झालेली, ती डच-आफ्रिकन व्यापाऱ्यांची. डच अधिकारी इथल्या बायकांशी संसार करायचे, त्यांची मुलं व्यापारी झाली, कारकून झाली, काही तर प्रचंड श्रीमंत, आणि हेही सांगायला हवं की त्यातले काही स्वतः गुलामांचा व्यापार करायचे. व्रूम, बार्टेल्स, रूले, प्लांगे अशी आडनावं आजही घानात भेटतात. वार अकान, आडनाव डच, एका नावातच सगळं घराणं. जवळच १८०६ ची डच स्मशानभूमी आहे, अर्धा तास द्या.

आणि जावा हिल विचाराच. हा प्रकार ऐकून मी थक्क झाले होते. १८३१ पासून डचांनी इथून साधारण ३,००० आफ्रिकन माणसं सैनिक म्हणून इंडोनेशियात नेली, जावा-सुमात्राच्या लढायांसाठी, तिकडे त्यांना 'ब्लांडा हितम' म्हणायचे, काळे डच. बरेचसे गुलाम होते, त्यांच्या सुटकेचे पैसे पगारातून कापून घेत. जे परत आले त्यांना डचांनी किल्ल्यामागच्या टेकडीवर जागा दिली, ती जावा हिल. त्यांच्या वंशजांचं एल्मिना-जावा म्युझियम आहे, छोटंसं आहे, आधी चौकशी करून जा. आफ्रिकेत सगळीकडे दिसणारं ते मेणाच्या छपाईचं भडक कापड मूळ जावाच्या बाटिकची नक्कल आहे, आणि हे कापड आमच्याच जावावाल्यांनी पहिल्यांदा इथे आणलं असं एल्मिनात अभिमानाने सांगतात. डचांना सैनिक पुरवायच्या याच सौद्यासाठी १८३७ मध्ये आशान्ती राजाने दोन राजपुत्र हॉलंडला पाठवले, क्वासी बोआक्ये आणि क्वामे पोकू, रविवारचा आणि शनिवारचा. बोआक्ये इंजिनियर होऊन जावाला गेला. पोकू परत आला, भाषा विसरला होता, घरी जाऊ शकला नाही आणि १८५० मध्ये याच किल्ल्यात त्याने आत्महत्या केली.

गोव्याकडच्या वाचकांसाठी एक गोष्ट राहिली. पोर्तुगीज गेले, पण सेंट अँथनी मागे राहिला. सांतु अंतोनियोचा एन्तोना झाला, नाना एन्तोना, गावचा एक देव, त्याचं ठाणं आहे आणि पुजारी आहेत. ज्याला आपण शिवोलीच्या चर्चमध्ये मेणबत्ती लावतो तो इथे अकान देव होऊन बसलाय. पावाला फांतीत 'पानो' म्हणतात, आपला पाव आणि त्यांचा पानो एकाच पोर्तुगीज शब्दाची भावंडं. ठाण्यात जायचं असेल तर कोणातरी गावातल्या माणसाला बरोबर घ्या, परवानगीशिवाय आत जायचं नाही.

जेवणाचं थोडक्यात. मासे खात असाल तर काही प्रश्नच नाही, केंके म्हणजे आंबवलेल्या मक्याचा उकडलेला गोळा, बरोबर तळलेला मासा आणि मिरचीची चटणी, आंबट चवीची सवय असेल तर आवडेलच. व्हेज असाल तर 'रेड-रेड' मागा, पामतेलातली चवळी आणि तळलेली पिकी केळी, पण आधी सांगा की मासा घालू नका, आणि शितो नावाची काळी चटणी टाळा, त्यात सुकट असते.

जुलैचा पहिला मंगळवार जमत असेल तर सगळे प्लॅन त्याच्याभोवती करा. त्या दिवशी बाकातुए, म्हणजे खाडी उघडण्याचा सण. त्याआधी काही आठवडे खाडीत मासेमारी बंद असते, मग त्या दिवशी राजा आणि सगळे सरदार पालख्यांतून मिरवत येतात, खाडीच्या देवाला, नाना बेन्याला, कुस्करलेला याम नावाचा कंद आणि अंडी वाहतात, आणि तीनदा जाळं टाकतात. त्या जाळ्यात किती मासे येतात यावर वर्ष कसं जाणार ते ठरतं. तिसऱ्यांदा जाळं वर येताना एवढ्या मोठ्या गर्दीत आवाज बंद झालेला मी स्वतः अनुभवलाय. राहायची खोली महिनाभर आधी बुक करा.

आता किल्ला. दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर जा, गाइड घेऊनच आत सोडतात आणि गाइड चांगले असतात, त्यांचं पूर्ण ऐका. फक्त एक गोष्ट ते घाईत सोडून देतात ती तुम्ही लक्षात ठेवा. पहिल्या काळात पोर्तुगीज इथून गुलाम नेत नव्हते, उलट बेनिनकडून गुलाम आणून इथल्या सोन्याच्या व्यापाऱ्यांना हमालीसाठी विकत होते. गुलाम म्हणून माणसं बाहेर नेण्याचं मोठं केंद्र हे डचांच्या काळात झालं, आणि ते १८१४ मध्ये डचांनी हा व्यापार कायद्याने बंद करेपर्यंत. बायकांच्या कोठड्यांसमोरचं अंगण, वर गव्हर्नरची गॅलरी जिथून तो खाली उभ्या केलेल्या बायकांतून एक निवडायचा, मग समुद्राकडे उघडणारी ती अरुंद फट, जिथून गुलामांना जहाजांकडे नेत. तिथे मुलांना न्यायचं की नाही ते आधी ठरवा. आणि कृपा करून तिथे हसरे सेल्फी काढू नका, अमेरिकेतून, जमैकातून माणसं आपल्या पूर्वजांसाठी रडायला येतात, शेजारी उभी असतात. वरती एक खोली दाखवतात, आशान्ती राजा प्रेम्पेहला इंग्रजांनी १८९६ मध्ये पकडून इथे ठेवलं, मग सिएरा लिओन आणि १९०० मध्ये सेशेल्स, १९२४ पर्यंत तो परत येऊ शकला नाही. रत्नागिरीचा थिबा राजवाडा ज्याने बघितलाय त्याला ही चाल ओळखीची वाटेल, राजाला मारायचं नाही, समुद्रापलीकडे नेऊन ठेवायचं.

किल्ल्यातून बाहेर आलात की गाडीकडे वळू नका, पश्चिमेच्या बाजूला जा. तटाला लागून मोकळी जागा आहे. बरेच लोक तिथे ढुंकूनही बघत नाहीत. क्वामेना अन्साचं गाव इथे होतं. १८७२ मध्ये डचांनी एल्मिना इंग्रजांना देऊन टाकलं, गावाला न विचारता. राजा कोबिना ग्यान, मंगळवारचा, त्याने इंग्रजांना मानायला सरळ नकार दिला, त्याला पकडून सिएरा लिओनला पाठवलं. आशान्तींशी जुनी दोस्ती होतीच, तिचाच राग, आणि १३ जून १८७३ ला इंग्रजांनी किल्ल्यावरून आणि जहाजांवरून तोफा डागून हजारो माणसांचं हे दाट गाव जाळलं, मग जमीनदोस्त केलं. परत बांधू दिलं नाही. लोक खाडीपलीकडे गेले, काल तुम्ही फिरलात तिथे. १९८० च्या दशकापासून क्रिस्तोफर डेकोर्स या पुरातत्त्वज्ञाने इथे खोदकाम केलं तेव्हा दगडी घरांचे पाये निघाले, जमिनीखाली पुरलेली माणसं, सोनं तोलायची वजनं, युरोपातली खापरं, डच मातीच्या चिलमींचे तुकडे, जिनच्या बाटल्या. चालताना खाली बघत चाला, पावसानंतर पांढऱ्या चिलमीचा तुकडा बोटाएवढा वर आलेला दिसू शकतो, मधे आरपार भोक. वाकून बघा, हवं तर फोटो काढा, पण उचलून खिशात घालू नका.